मदत हवी आहे: गॅस न पेटवता लेकरांना संध्याकाळी काय खायला ठेवावं?

नमस्कार. जरा लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ चा. त्यांच्या शाळेसाठी मी लातूरला भाड्याच्या खोलीत राहते. यांचं सगळं औशाकडं, शेतात. लेकरं सव्वापाचला घरी येतात, मी दुकानातून सुटून पोचेपर्यंत साडेसात. मधले सव्वादोन तास दोघंच. गॅसला हात लावायचा नाही ही सक्त ताकीद आहे, त्यात काही बदल होणार नाही. फ्रिज नाही.

आतापर्यंत रोज वीस रुपये ठेवत होते, दोघांचे मिळून. त्याचे पाचवाले चार पुडे येतात, ते केशरी तिखट. बोटं चाटत खातात आणि मी भाकर टाकली की "भूक नाही". परवा मुलाचं वजन केलं तर वर्षात अर्धाच किलो वाढलंय. तेव्हापासून चैन नाही.

काय करून बघितलं तेही सांगते. सकाळचा सुशीला (चुरमुऱ्यांचा) संध्याकाळी वातड होतो, पोह्यांची तीच गत. एप्रिलात मटकीची उसळ ठेवली, झाकण काढलं तर आंबलेली. केळी ठेवली तर मुलगा दोन्ही खातो आणि मुलगी रडते, तो प्रश्न वेगळा आहे.

ज्वारी, तूर, थोडं सोयाबीन गावाकडून येतं. तेल जपून वापरावं लागतं. आम्ही माळकरी, अंडं चालत नाही. वीस रुपयांत बसेल असं काय ठेवू?

उदगीरची मावशी:
अगं बाई, धपाटे ठेव की! ज्वारीचं पीठ, त्यात मूठभर बेसन, मूठभर कणीक, लसूण, ओवा, तीळ, हळद, तिखट. मेथी घातलीस तर धुऊन चांगली कोरडी करून घाल. कांदा अजिबात नको, कांद्यानं लवकर विटतं. पीठ दह्यात नको, पाण्यात भिजव. तव्यावर दोन्हीकडून नीट खरपूस होऊ दे, परातीत पसरून पूर्ण गार कर आणि मगच सुती फडक्यात गुंडाळ. गरम असताना डब्यात कोंडलंस की घाम सुटतो आणि मऊ पडून वास येतो. आम्ही पंढरीला जाताना हीच शिदोरी न्यायचो. सोबत शेंगदाण्याची चटणी, ती आठ दिवस काही होत नाही.

जालन्याहून:
उकडलेलं अंडं ठेवा, सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि सोलायचं काम मुलं स्वतः करतात.

धागाकर्ती:
दादा, माळकरी लिहिलंय वर.

अंगणवाडी ताई, बीड जिल्हा:
माळ नसती तरी हा सल्ला दिला नसता. सकाळी उकडलेलं अंडं आपल्या उन्हात संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवायचं नसतं.

ताई, आधी वजनाचं बघा. सात वर्षांच्या लेकराचं वर्षाला साधारण दोन किलो तरी वाढायला हवं. दोन्ही वेळा एकाच काट्यावर वजन झालं होतं का? काटा बरोबर असेल तर खाऊचा डबा बदलून थांबू नका, सरकारी दवाखान्यात एकदा दाखवा. जंताची गोळी घेतली होती का तेही विचारा. शाळेत फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये देतात, पण त्या दिवशी पोरगं गैरहजर असलं की राहून जाते.

दुसरं, तुम्ही आल्यावर चहा करत असाल आणि लेकरांनाही अर्धा कप देत असाल तर तो बंद करा. जेवणाच्या आगेमागे चहा घेतला की भाकर-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी फुटाण्यांवर लिंबू पिळून द्या, लिंबानं लोह जास्त शोषलं जातं. गुळात लोह भरपूर असतं असं म्हणतात, पण लेकरू खातं तेवढ्या खड्यात ते फार नसतं. गूळ गोडीसाठी द्या, औषध म्हणून नको.

परभणीकर:
ताई, त्या पुड्यामागचं वजन वाचा. माझ्या हातातल्या पाच रुपयांच्या पुड्यावर १६ ग्रॅम आहे. म्हणजे किलोला तीनशे रुपयांच्या वर! शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरा, फुटाणे सव्वाशे. साठ ग्रॅम शेंगदाणे, पन्नास ग्रॅम फुटाणे आणि गुळाचा खडा, दोघांचं मिळून १७-१८ रुपयांत भागतं आणि साधारण २५ ग्रॅम प्रथिनं जातात. शेंगदाणे एकदम भाजून ठेवा, पण बुरशी लागलेला, काळपट, कडवट दाणा दिसला की टाकून द्यायचा, तिथं काटकसर नाही.

जाता जाता, आमच्या कृषी विद्यापीठाची आणि हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेची 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी २०१८ मध्ये आली. लोह आणि जस्त जास्त आहे त्यात. दादांना एखाद्या तुकड्यात पेरून बघायला सांगा.

धागाकर्ती:
ते मालदांडी ज्वारी सोडायचे नाहीत, पण सांगते. पुड्याचा हिशेब मात्र मुलीकडूनच करून घेतला. तिला पटलं, धाकट्याला नाही.

शिक्षक, नांदेड:
शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचे असे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० मध्येच झालाय. आमच्या फाटकाबाहेर तरी तो फक्त कागदावर आहे. तेव्हा वीस रुपये पोरांच्या हातात देणं थांबवा, एवढंच आपल्या हातात आहे.

उदगीरची मावशी:
सातूचं पीठ विसरलेच बघ! गहू धुऊन, वाळवून, खमंग भाजायचे. निम्म्यानं डाळं, थोडं जिरं, सुंठ. गिरणीतून दळून आणायचं. तीन चमचे पीठ, किसलेला गूळ, पाणी किंवा दूध, चमच्यानं ढवळलं की झालं. गॅस नको, तेल नको. कोरड्या डब्यात महिनाभर राहतं. लेकरांना स्वतः कालवू दे, स्वतः केलेलं खातात. आणि सोयाबीन कच्चंच दळून भाकरीच्या पिठात घालू नको, पोट बिघडतं. आधी वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, सालं काढून वाळवायचं, मग किलोभर ज्वारीला शंभर ग्रॅम.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. दवाखान्यात दाखवलं. काटे वेगळे होते, तरी वजन कमीच निघालं. रक्त तपासलंय, जंताची गोळी दिली, महिन्याभरानं परत बोलावलंय.

खाऊचं सांगते. धपाटे पहिल्या दिवशी संपले, तिसऱ्या दिवशी "परत तेच?" आता आठवड्यातून दोनदाच करते. फुटाणे-शेंगदाण्याचे दोन वेगळे डबे केलेत, त्यावर नावं लिहिलीत, त्यामुळं भांडण मिटलं. (केळ्यांवर नाव लिहिता येत नाही.) सातूचं पीठ मुलीला फार आवडलं, ती त्यात शेंगदाण्याचं कूट टाकायला लागलीय. मुलगा म्हणतो चिखलासारखं लागतं. त्याच्यासाठी तेच घट्ट मळून लाडू वळून ठेवला तर खातो, म्हणजे अडचण चवीची नव्हती, दिसण्याची होती. शनिवारी मात्र एक पुडा, दोघांत मिळून. तेवढं मी सोडलंय.

वाचलेल्या पैशांतून रोज अर्धा लीटर दूध लावलंय म्हणाले असते, पण तेवढे वाचत नाहीत. आठवड्यातून दोनदा पाव लीटर.

आता नवी अडचण. किसलेल्या गुळाच्या डब्याला मुंग्या लागायल्यात, झाकण घट्ट लावूनही. हळदीची रेघ ओढून झाली.

उदगीरची मावशी:
परातीत दोन बोटं पाणी घाल आणि डबा मधोमध ठेव. परात भिंतीला टेकू देऊ नको, तिथूनच चढतात.