अनुभव धागा: हिचकॉकचं न विचारता लिहिलेलं चरित्र वाचताना तुम्हाला काय आठवलं?

छत्रपती संभाजीनगर (धागा काढणारी)

आमचा आठ जणींचा वाचनगट आहे. महिन्यातून एका रविवारी औरंगपुऱ्यात एकीच्या घरी बसतो. गेल्या खेपेला डोनाल्ड स्पोटो यांचं 'द डार्क साइड ऑफ जीनियस' घेतलं होतं. दोनदा केलेला चहा गार झाला, तरी वाद मिटला नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक २९ एप्रिल १९८० ला गेला. तो हयात असताना, १९७८ मध्ये, त्याच्या संमतीनं जॉन रसेल टेलर यांनी त्याचं चरित्र लिहिलं होतं. स्पोटोंचं आलं १९८३ मध्ये, अनधिकृत. तोवर त्याची बायको अल्मा रेव्हिलही गेली होती. माणूस एकच, सिनेमे तेच, पण दोन पुस्तकांत भेटणारे हिचकॉक एकमेकांना ओळखणार नाहीत इतके वेगळे. सगळ्यात जास्त भांडण झालं ते त्याच्या 'द बर्ड्स' आणि 'मार्नी'ची नायिका टिपी हेड्रन हिनं, तो आपल्याशी कसा वागला याबद्दल सांगितलेल्या गोष्टींवरून. आमच्यातल्या तिघी म्हणाल्या, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. बाकीच्यांनी विचारलं, मग कधी लिहायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याचं चरित्र त्याची परवानगी नसली तरी मला चालेल. पण ज्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यांच्याकडं जाऊन बसलं पाहिजे. स्पोटो तसे बसले, म्हणून हे पुस्तक माझ्या कपाटात राहील. मात्र खरं-खोटं याचा निकाल इथं नको. वाचताना तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं काय वर आलं, ते लिहा.

लातूर

मी अधिकृत चरित्राच्या बाजूनं काम केलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका संस्थाचालकांचा अमृतमहोत्सव होता. गौरवग्रंथाचं संपादन माझ्याकडं आलं. आपल्याकडं गौरवग्रंथ कसा होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे: आधी मान्यवरांचे शुभसंदेश, मग फोटो, मग सहकाऱ्यांचे लेख. त्यात एका निवृत्त शिपायाचा लेख आला. वहीचे दोन कागद, समास आखलेला, निळ्या शाईत. १९७२ च्या दुष्काळातली हकीकत होती. चार महिने पगार नव्हता. हे मागायला वाड्यावर गेले, तर साहेबांनी चारचौघांत हाकलून दिलं. त्याच रात्री दहाच्या सुमाराला दाराची कडी वाजली. बघतात तर साहेब स्वतः उभे, मागं गडी, गड्याच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं.

मला तो सगळ्या ग्रंथातला सगळ्यात चांगला लेख वाटला. प्रूफं घरच्यांकडं गेली आणि परत आली. हाकललं ते खोडलेलं, पोतं ठेवलेलं. मी एकदा बोलून पाहिलं. "सर, कार्यक्रम आनंदाचा आहे," एवढंच उत्तर आलं. मी गप्प बसलो आणि छापलं.

प्रकाशनाच्या दिवशी तो शिपाई मंडपात ग्रंथ उघडून उभा होता. मला म्हणाला, "सर, माझं अर्धंच आलंय की." मला काही बोलता आलं नाही. त्या अर्ध्यात साहेब दानशूर झाले होते. पण दुपारी हाकलल्याची टोचणी लागून रात्री दार वाजवणारा माणूस दानशूर माणसापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तो माणूस आम्ही कापला होता.

टेलर यांचं पुस्तकही मी वाचलंय. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, घरात जाऊन बसलेल्या माणसाला दिसतं ते त्यात आहे. पण पानोपानी मला त्या प्रूफांवरची लाल रेघ दिसत राहिली.

नांदेड

टिपी हेड्रनबद्दल वाचून मी पुस्तक मिटवलं आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. कारण सांगते.

'द बर्ड्स'मध्ये माळ्यावरच्या खोलीत पक्षी तिच्यावर तुटून पडतात. तिला सांगितलं होतं की पक्षी यांत्रिक असतील. प्रत्यक्षात हातमोजे घातलेली माणसं जिवंत पक्षी तिच्या अंगावर फेकत होती. असं पाच दिवस. शेवटी एकाची चोच डोळ्याजवळ लागली, ती खाली बसून रडली, आणि डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली.

मी राज्य नाट्य स्पर्धेत काम करायचे, लग्नाच्या आधी. एका प्रवेशात नवरा बायकोच्या तोंडात मारतो. तालमीत महिनाभर आम्ही ते खोटं बसवलं: त्याचा हात माझ्या कानाजवळून जाणार, टाळी विंगेतून वाजणार. प्रयोगाच्या रात्री खरी बसली. दिग्दर्शकांनीच त्याला आत बोलावून तसं सांगितलं होतं, मला नाही. पुढची चार वाक्यं मी कशी म्हटली मला माहीत नाही, एका कानात नुसती शिट्टी वाजत होती. परीक्षकांना ती प्रतिक्रिया फार जिवंत वाटली. मला प्रमाणपत्र मिळालं. सगळे म्हणाले, बघ, सरांमुळं मिळालं.

ते प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून लावलं होतं. मी आजपर्यंत घरात कुणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा इथं लिहितेय.

पुस्तकाबद्दल माझी तक्रारही आहे. स्पोटो अधूनमधून सिनेमातला प्रसंग उचलतात आणि त्यावरून हिचकॉकच्या मनातली वासना सांगायला लागतात. तिथं माझा विश्वास डळमळतो. आमच्या दिग्दर्शकांच्या मनात त्या रात्री काय होतं, मला सांगता येणार नाही. कानाखाली कुठं बसली ते सांगता येईल. जिथं ते हेड्रनचं म्हणणं तसंच ठेवतात, तिथं पुस्तक भक्कम आहे. २०१६ मध्ये तिनं आपलं आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती. एवढी वर्षं ती तेच सांगत राहिली.

परभणी

मला हे पुस्तकच नको वाटायलंय, स्पष्ट सांगतो.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. हिचकॉकच्या 'सायको'मधला न्हाणीघरातला खून मी किती वेळा फ्रेम-फ्रेम करून बघितला असंल, मोजदाद नाही. पडद्यावर पाऊण मिनिटाचा प्रसंग. शूटिंग सात दिवस, कॅमेऱ्याच्या जागा सत्तराच्या वर. सुरी अंगात शिरताना दिसत नाही म्हटलं तरी चालंल, पण बघणाऱ्याला वाटतं आपण सगळं बघितलं. हे कसं केलं, यावर दोन रात्री बोला की! तर लोक बोलायलेत काय, तो कुणाकडं कसा बघायचा.

नांदेडच्या ताईंचं वाचून मी हे लिहू का नको असं झालं होतं. ताई, तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या दिग्दर्शकानं केलं ते वाईटच. पण मला माझं काम शिकवणारा माणूस माझ्या हातातून काढून घेतल्यासारखं होतंय. हे पण खरं आहे ना?

एक गोष्ट मात्र मला चरित्रांतूनच कळली. 'सायको'ची तयार प्रिंट बघताना अल्मानं पकडलं, मेलेली नायिका जिवंत आहे म्हणून. कुणी म्हणतं पापणी लवली, कुणी म्हणतं घोट गिळला. एवढ्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलं, तिच्या नाही सुटलं. तिच्यावर अख्खं पुस्तक दिलं तर मी आज वाचायला बसतो.

बीड

वकिली करतो, तेवढंच सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत मेलेल्या माणसाची बदनामी झाली म्हणून दावा लागत नाही, त्यामुळं अशी पुस्तकं माणूस गेल्यावर येतात. आपल्याकडं तसं नाही. जुन्या दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये, आणि आता न्याय संहितेच्या ३५६ मध्ये, मृताची बदनामी घरच्यांना दुखवण्याच्या हेतूनं केली तर तोही गुन्हा ठरू शकतो.

अनधिकृत चरित्राला आधार म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा ऑटो शंकर निकाल. तमिळ साप्ताहिकाला एका कैद्याची जीवनकथा छापायची होती आणि अधिकारी अडवत होते. न्यायालय म्हणालं, सार्वजनिक नोंदींत जे आहे ते संमतीशिवायही छापता येईल, त्यापलीकडं गेलात तर खासगीपणाचा भंग होऊ शकतो. पण छापायच्या आधीच सरकारला अडवता येणार नाही.

धाराशिव

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या वडिलांवर कुणीतरी न विचारता लिहिलं.

वडिलांची टुरिंग टॉकीज होती. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत आमचा तंबू लागायचा. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बसायचे, उलट्या बाजूचं तिकीट स्वस्त. वडील गेल्यानंतर बारा वर्षांनी एका दिवाळी अंकात लेख आला. त्यात लिहिलं होतं की ते पत्ते खेळायचे आणि त्यातच सिनेमा दाखवायची मशीन गेली.

पत्ते खेळायचे, हे खरं आहे. मशीन गेली ती आईच्या ऑपरेशनला. सोलापूरला तीन आठवडे होतो आम्ही. लेखक आमच्या गावचाच. आमचं घर बसस्टँडच्या मागं, चालत पाच मिनिटं. आला नाही.

आईला वाचता येत नव्हतं. माझ्या मुलानं, काही कळत नव्हतं त्याला, कौतुकानं तिला लेख वाचून दाखवला. आजोबांचं नाव छापून आलंय म्हणून. ती काही बोलली नाही. उठली, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात वडिलांच्या मशीनच्या, पडद्यावर उजेड पाडणाऱ्या, जळक्या कार्बन कांड्या होत्या, तांब्याचा मुलामा निघालेल्या. त्या तिनं एकेक पुसून परत ठेवल्या.

म्हणून मला हिचकॉकच्या मुलीचं, पॅट्रिशियाचं, सारखं मनात येत होतं. २००३ मध्ये तिनं आईवर पुस्तक लिहिलं, परभणीच्या दादांनी ते शोधावं. बाप असा नव्हता, असं मुलगी म्हणते तेव्हा ती खोटं बोलते असं नाही. तिला घरातला बाप दिसला. हेड्रनला सेटवरचा दिसला.

जालना

इंग्रजी जड गेलं, डिक्शनरी घेऊन दोन महिन्यांत संपवलं. मला वेगळीच गोष्ट लागली. हिचकॉक आयुष्यभर सांगायचा की लहानपणी वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवलं आणि शिपायानं पाच मिनिटं कोंडलं, "वाईट मुलांना आम्ही असं करतो." मुलाखती लावून बघा, वय दर वेळी वेगळं. म्हणजे स्वतः दिलेली माहितीसुद्धा तपासायला कुणीतरी बाहेरचा लागतोच. आणि स्पोटो काही वैरी नव्हते. १९७६ मध्ये त्यांनी त्याच्या सिनेमांवर पुस्तक लिहिलं होतं, ते प्रेमानं लिहिलेलं होतं.

नांदेड

परभणीच्या भावाला: वाईट वाटून घेऊ नका. त्या रात्रीच्या आधी महिनाभर मी त्याच दिग्दर्शकांकडून आवाज कुठून काढायचा ते शिकले. आज शाळेत मुलांची नाटकं बसवते ती त्याच्यावरच. तेही मी टाकून दिलेलं नाही.

धाराशिवच्या ताई, तुमच्या आईचं वाचून पुन्हा गच्चीवर गेले.

छत्रपती संभाजीनगर

तुमच्या घरापर्यंत पाच मिनिटं चालत न आलेला तो लेखक मला आता सारखा दिसतोय, ताई. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी "जाऊन बसलं पाहिजे" असं लिहिलं, तेव्हा फक्त हेड्रन डोळ्यासमोर होती. आता तुमची आईही आहे.

लातूरच्या सरांना एक विनंती. त्या शिपायाचा मूळ लेख तुमच्याकडं असेल तर इथं पूर्ण टाकता येईल का? नावं गाळून चालेल.

लातूर

आहे. फायलीत जपून ठेवलाय, घडीवर फाटलाय पण अक्षर स्पष्ट आहे. लिहिणारे आता नाहीत. त्यांचा मुलगा औशाला असतो. या रविवारी कागद घेऊन त्याच्याकडं जातो, त्याला वाचून दाखवतो. तो हो म्हणाला तर टाकतो.