सायकल डवऱ्यासाठी "हलका पाहिजे" हे आकड्यात कसं लिहायचं?

पासवाला (राळेगाव तालुका)

नमस्कार. माझं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. मागच्या खरिपात चौदा सायकल डवरे (एका चाकाचे, हाताने ढकलून तण काढायचे कोळपे) बनवले, त्यातले पाच परत आले. चारांचा दांडा चाकाच्या चिमट्यापाशी, जोडावरच तुटला. पाचवा धडधाकट होता. घेणारी बाई म्हणाली, "भाऊ, चांगला आहे, पण माह्याच्यानं ढकलल्या जात नाही." पैसे परत केले, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

यंदा बचत गटाच्या बावीस बाया घ्यायला तयार आहेत. काय काय पाहिजे म्हणून विचारलं तर वहीत हे उतरलं: हलका पाहिजे, मजबूत पाहिजे, चिखल धरू नये, पऱ्हाटीला (कपाशीला) लागू नये, दांडा उंचीला बरोबर बसावा, पास (माती-तण कापणारं पातं) घरीच बदलता यावी, किंमत दोन हजारांच्या आत. अशा अकरा गोष्टी झाल्या, आणि जिने जी सांगितली तिला तीच पहिली. सध्या डवऱ्याचं वजन ९ किलो आहे. किती केलं म्हणजे तो "हलका" झाला? १४ गेज सोडून १६ गेजचा, म्हणजे पातळ पत्र्याचा, पाईप घेतला तर मजबुती जाईल ही भीती. अकरापैकी काय धरू, काय सोडू?

धुऱ्यावरची

दादा, मी स्वतः पऱ्हाटी डवरते म्हणून सांगते. ९ किलो हे उचलायचं वजन झालं. ते अंगावर येतं वावरात नेता-आणताना, नाहीतर तास (पिकाची ओळ) संपला की धुऱ्यावर (बांधावर) डवरा वळवताना. बाकी दिवसभर खांदे भरून येतात ते ढकलायच्या जोराने. तो जोर पास किती रुंद, तिला धार किती आणि ती किती खोल जाते यावर ठरतो. ती बाई वजनाबद्दल बोललीच नव्हती, नीट वाचा.

भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा घ्या. डवऱ्याला पुढून दोरी बांधून काट्यातून एकाने ओढायचं. मागे दुसरीने नुसता दांडा धरायचा, ढकलायचं नाही. दर दहा पावलांवर काटा किती किलो दाखवतो ते लिहा. पण जमीन कशी होती ते लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आपली काळी माती वाफशावर (फार ओली नाही, फार सुकी नाही अशी असताना) एक, ओली चिकट असताना दुसरी आणि सुकून भेगाळली की तिसरीच. म्हणून "वाफशावर, नऊ इंची पास, दोन इंच खोल, इतके किलो" असं पूर्ण लिहा. चिखलाचंही तसंच: शंभर फुटांच्या तासात पास किती वेळा खरडावी लागली? पऱ्हाटीला लागतो तो शंभर झाडांमागे किती झाडांना?

मास्तर, वर्धा

ताईंनी सांगितलं तसं लिहिण्याचा जुना नमुना आपल्याकडे आहे. १९२९ मध्ये गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी अशा: खेड्यातल्या साध्या घरात बाईला फार कष्ट न पडता सलग आठ तास चालवता यावा, त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं (हा सुताच्या बारीकपणाचा नंबर) १६,००० फूट सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या वर नको, वेळेवर निगा राखली तर वीस वर्षं चालावा, झिजलेले भाग बदलायचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. "फार कष्ट" याला आकडा नाही, पण पुढे आठ तास लिहिलेत, त्यामुळे चालवून बघता येतं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अटी इतक्या स्पष्ट होत्या, म्हणूनच आलेल्या चरख्यांना ठाम नकार देता आला.

पाईपचं म्हणाल तर १४ गेज म्हणजे २ मिमी जाडी, १६ गेज १.६. एक इंची पाईपचं वजन पाचव्या हिश्श्याने उतरतं आणि ताठपणाही साधारण तेवढाच कमी होतो. त्यापेक्षा सव्वा इंची १६ गेज घ्या. वजन जवळजवळ आताएवढंच राहील, ताठपणा दीडपटीहून जास्त मिळेल. पण तुमचे दांडे जोडावर तुटलेत. तिथे आधाराची पट्टी दिल्याशिवाय कोणताही पाईप टिकायचा नाही.

गटसचिव

काय महत्त्वाचं असं विचारलं की सगळंच महत्त्वाचं होतं. अकरा चित्रं मांडा, प्रत्येकीला दहा सरक्या द्या आणि वाटून ठेवायला सांगा. त्याआधी एक प्रश्न वेगळा विचारा: काय नसेल तर डवरा घेणारच नाही? त्या अटी सरक्यांच्या खेळातून बाहेर काढायच्या, त्या पाळाव्याच लागतात.

पासवाला

सगळ्यांचे आभार. काल गटाच्या बैठकीत केलं. घेणारच नाही अशा दोन अटी निघाल्या: दांडा एका हंगामात तुटू नये आणि पऱ्हाटी कापू नये. उरलेल्या नवांवर २२० सरक्या पडल्या. ढकलायच्या जोरावर ६३, पास खरडण्यावर ४८, दांड्याच्या उंचीवर ३७. किंमत मी मनात पहिली धरून बसलो होतो, ती चौथी आली. एका म्हाताऱ्या बाईने दहाच्या दहा सरक्या उंचीच्या चित्रावर ठेवल्या आणि हात कमरेवर नेऊन नुसती उभी राहिली. मग मी टेप काढून सगळ्यांची कोपरं मोजली. जमिनीपासून सगळ्यात खालचं ९० सेंमी, वरचं १०४. दांड्याला पाच भोकं पाडतोय.

जोराच्या पुढे वहीत दोन आकडे लिहायचे आहेत, एक पाहिजे तो आणि एक चालेल तो. दोन्ही रकाने अजून रिकामे आहेत. पाऊस आज उघडलाय. परवा वाफसा आला की काटा घेऊन त्या परत देणाऱ्या बाईच्याच वावरात जातो. ती हो म्हणाली आहे.