नाझिया हसन : तुमच्या घरी तिचा आवाज कधी आला?

१३ ऑगस्ट २०२५ला पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसनला जाऊन २५ वर्षं होतात. लंडनमध्ये गेली, फुप्फुसाच्या कॅन्सरनं, अवघ्या ३५व्या वर्षी. मला कळलं दोन दिवस उशिरा, पंधरा ऑगस्टला. शाळेतलं झेंडावंदन आटोपून घरी आले, चहा ठेवला आणि पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी दिसल्या. चहा कधी उतू गेला ते सासूबाईंनी येऊन गॅस बंद केला तेव्हा कळलं. सांगणार तरी कुणाला? घरात 'कोण गं ही?' असंच विचारलं असतं.

मी १९६६ची. १९८०मध्ये 'कुर्बानी' आला तेव्हा मी नववीत. 'आप जैसा कोई' पडद्यावर झीनत अमानचं, पण आवाज आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीचा वाटावा असा. तोवर घरात गाणं म्हणजे लताबाई, आशाबाई आणि सकाळची रेडिओवरची भक्तिगीतं. गळा तयार असला पाहिजे, ताना-मुरक्या आल्या पाहिजेत. आणि ही थोडी नाकात गाणारी, जराही न सजवता सरळ सूर लावणारी पोर! कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी. 'कुर्बानी'चे दिग्दर्शक फिरोज खान यांना ती लंडनमध्येच एका पार्टीत भेटली होती. १९८१ला तिला फिल्मफेअर मिळालं तेव्हा ती १५ वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून एकाच वर्षानं मोठी. आपल्याच बाकावरची मुलगी बोर्डात आली की कसं वाटेल, तसं मला झालं होतं.

आज मी ५९ची आहे. ती ३५चीच राहिली.

तुम्ही तिला पहिल्यांदा कुठं ऐकलंत, ती गेल्याचं कसं कळलं, ते लिहा. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, कसंही चालेल. एक विनंती मात्र आहे. तिच्या संसाराबद्दल आणि शेवटच्या दिवसांबद्दल ऐकीव गोष्टी इथं नकोत. गाणं आणि तुम्ही, एवढंच पुरे.

*

इचलकरंजीहून

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदाच हे लिहितेय. १९८२ ते ८८ मी ऑर्केस्ट्रात गायचे. आमच्याकडं गणपतीत रोज कार्यक्रम, काही दिवशी दोन-दोन. यंत्रमागाची पाळी सुटली की लोक तसेच येऊन बसायचे, डोक्यावर कापूस घेऊन. लताबाईंची गाणी म्हटली की शांतता. पण मागच्या रांगेतून पहिली चिठ्ठी यायची ती 'आप जैसा कोई'ची आणि दुसरी 'डिस्को दीवाने'ची.

मला ते गाणं जमायचं नाही. सूर बरोबर, ताल बरोबर, पण माईकवर आवाज पातळ यायचा. साउंडवाल्या दादांना मी सारखी म्हणायचे, इको वाढवा. ते वाढवायचे, मग शब्दच कळायचे नाहीत. शेवटी आमच्या की-बोर्डवाल्या काकांनी एक दिवस कॅसेट घेतली, कानाला हेडफोन लावला आणि तोच अंतरा पाच-सहा वेळा मागे-पुढे करून ऐकला. म्हणाले, "अगं, ही एकटी नाहीये. दोनदा गायलीय. एकावर एक ठेवलाय आवाज." त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. आणि खरंच! ओळीच्या शेवटी एक नाझिया केसभर आधी थांबते, दुसरी केसभर नंतर. ती जी चमक आहे ना, ती त्या केसभर फरकातली आहे.

आमच्याकडं कुठलं तसलं यंत्र! मी धाकट्या बहिणीला घेऊन गेले. आठवीत होती. तिचा आणि माझा आवाज इतका सारखा, की फोनवर वडीलही फसायचे. काकांनी तिला पडद्यामागं दुसरा माईक देऊन उभं केलं. पुढं मी, मागं ती. त्या रात्री ते गाणं पहिल्यांदा गाण्यासारखं वाजलं. वन्स मोअर आला. तिला पुढं बोलवावं असं फार वाटायचं, पण वडिलांची अट होती, धाकटी स्टेजवर दिसता कामा नये. लोक ऑर्केस्ट्रातल्या मुलींबद्दल काय बोलायचे ते सगळ्यांना माहीत आहे. सहा वर्षं ती पडद्यामागून गायली.

पुढं दोघींची लग्नं झाली, तिला सुरतेला दिली. २००० साली मी बालवाडीत शिकवत होते. एका रात्री शेजाऱ्यांकडं तिचा फोन आला. बूथवरून केला होता. "ताई, आपली गेली गं." एवढंच म्हणाली. मला वाटलं आत्या, मावशी, कोण? मग म्हणाली, "आपली नाझिया." दोघी गप्प. तिच्यासमोर एसटीडीचं मीटर पळत असणार, पण तिनं फोन ठेवला नाही.

*

चिपळूणहून

बाबा कुवेतला होते. १९८२च्या सुट्टीत नॅशनलचा टू-इन-वन आणि दहा-बारा कॅसेटी आणल्या, त्यात 'डिस्को दीवाने'. आजीला पहिल्या दिवशी तो आवाज बंद करायचा होता. बाबांनी सांगितलं, बरोबर गातोय तो तिचा सख्खा भाऊ, झोहेब. आजी म्हणाली, "भावाबरोबर गाते होय? मग घरातलीच आहे. लाव." त्यानंतर आमच्याकडं भाताची लावणी त्या कॅसेटवर झाली. पडवीत टू-इन-वन, आणि खाली खाचरात बायका गुडघाभर चिखलात.

*

पुण्याहून

रेकॉर्डी जमवणारा माणूस आहे, म्हणून श्रेय नीट नोंदवावंसं वाटतं. 'कुर्बानी'चं बाकीचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. 'आप जैसा कोई' तेवढं बिद्दूचं, शब्द इंदीवरांचे. बिद्दू मूळचा बंगळूरचा, लंडनला स्थायिक झालेला. १९७४ला जगभर गाजलेलं 'कुंग फू फायटिंग' त्याच्याच हातचं. १९७९च्या जुलैत शिकागोत भर मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटानं उडवला होता, तिकडं डिस्को संपला म्हणून लोक मोकळे झाले होते. आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडं तो एका शाळकरी मुलीच्या गळ्यातून सुरू झाला.

मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती १९८१च्या 'डिस्को दीवाने'ची. सिनेमा नाही, हिरो नाही, हिरॉइन नाही, नुसती गाणी. आपल्याकडं बिगरफिल्मी म्हटलं की गझल, भजन किंवा भावगीत. पॉप गाण्यांची तबकडी दुकानात जाऊन मागायची, हे आमच्या पिढीला या भावंडांनी शिकवलं. पुढं जे इंडिपॉप म्हणून नव्वदीत मिरवलं, त्याचा पाया इथं आहे. 'स्टार' सिनेमा १९८२ला आला आणि चालला नाही, पण 'बूम बूम' लग्नाच्या वरातीत पोचलं. मग १९८४चा 'यंग तरंग', १९८७चा 'हॉटलाइन', १९९२चा 'कॅमेरा कॅमेरा'. त्यानंतर तिनं गाणं थांबवलं. कायद्याची पदवी घेतलेली, संयुक्त राष्ट्रांत काम केलेली मुलगी होती ती, गाण्यावाचून तिचं अडलं नव्हतं. आमचं अडलं.

नाचाची गाणी सगळ्यांना आठवतात. माझी विनंती आहे, आज रात्री 'डिस्को दीवाने'मधलं 'आओ ना' ऐका. दिवा मालवून ऐका. माझ्या प्रतीवर सुरुवातीला सुई थोडी खरखरते, मग तिचा आवाज येतो, आणि ती पंधरा-सोळाची पोर इतकी एकटी वाटते की तिच्या डोक्यावरून हात फिरवावा.

*

साताऱ्याहून

आमच्या गावात घरटी एक फौजी. माझा थोरला भाऊ १९९९ला कारगिलच्या बाजूला होता. सुखरूप परत आला. पुढच्या वर्षी ऑगस्टात सुट्टीवर असताना मी त्याला भीतभीतच सांगितलं की नाझिया वारली. पाकिस्तानी बाई, आणि लढाई होऊन वर्षच झालेलं. तो काही बोलला नाही. माळ्यावरची ट्रंक काढली, तळाशी 'यंग तरंग'ची कॅसेट होती. कॉलेजात असताना घेतलेली. संध्याकाळी अंगणात बसून दोन्ही बाजू ऐकल्या आम्ही. शेजारचे काका काहीतरी बोलायला आले होते, भावाचा चेहरा बघून बाजेवर बसले आणि तेही ऐकत राहिले.

*

दुबईहून

इथं १८ वर्षं आहे. टॅक्सीत एकदा 'आँखें मिलाने वाले' लागलं आणि मी गुणगुणायला लागलो. चालक कराचीचे, साठीच्या पुढचे. आरशातून बघून म्हणाले, "हमारी बच्ची है, आप को कैसे आती है?" मी म्हटलं, चाचा, आमचीही होती. मग त्यांनी सांगितलं, लहान असताना ती टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात गायची, तेव्हापासून ते तिला ओळखत. लष्करशहा झिया उल हकच्या काळात तिच्या नाचण्यावर आक्षेप होते, म्हणून टीव्हीवर तिला कमरेच्या वरच दाखवायचे. "पाँव नहीं दिखाते थे, तो हम अपने पाँव से नाचते थे." उतरताना त्यांनी मीटरपेक्षा कमी पैसे घेतले. मी दिले तरी घेतले नाहीत.

*

नागपूरहून

माझी बहीण त्याच वर्षी गेली. तिचं वय ३४. तिच्या ओढणीच्या कप्प्यात 'कुर्बानी'ची कॅसेट होती. मी अजून ती वाजवलेली नाही. एवढंच लिहू शकते.

*

ठाण्याहून

मी २००१चा. नाझिया होती तेव्हा मी नव्हतो. शाळेत असताना २०१२ला 'स्टुडंट ऑफ द इयर'मधल्या, 'डिस्को दीवाने'वरून केलेल्या गाण्यावर गॅदरिंगला नाचलो. घरी सराव करताना आई स्वयंपाकघरातून आली आणि पीठ लागलेल्या हातांनी जुन्या 'डिस्को दीवाने'वरच्या स्टेप्स करायला लागली. आईला नाचताना मी पहिल्यांदा बघितलं. दादरच्या चाळीत, गच्चीवर, चौघी मैत्रिणी बसवायच्या म्हणे. त्यातल्या दोघींशी आईचा संपर्क तुटलाय. हा धागा तिला वाचून दाखवतोय, ती वरची इचलकरंजीची आठवण दोनदा वाचायला लावली.

*

लंडनहून

उत्तर लंडनमध्ये राहते. नाझियाची कबर हेंडनच्या दफनभूमीत आहे, माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटं. इथं येऊन अकरा वर्षं झाली आणि मला हे गेल्या वर्षी कळलं, याचं फार वाईट वाटलं. एकदा जाऊन आले. मिल हिल ईस्ट स्टेशनवरून चालत जाता येतं. मोठी, शांत जागा आहे. १३ला पुन्हा जाणार आहे. कुणाच्या वतीनं काही करायचं असेल तर सांगा.

*

इचलकरंजीहून

लंडनच्या ताई, त्यांच्यात काय चालतं मला माहीत नाही, चालत असेल तर फुलं ठेवाल का? दोन ठेवा. एक माझं, एक धाकटीचं. धाकटीचं पुढं ठेवा.

*

लंडनहून

जाऊन आले. पाऊस थांबला होता, गवत ओलं होतं. माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं, ताज्या गुलाबपाकळ्या होत्या. एक वयस्कर बाई हात पुढं करून दुआ मागत होत्या, त्यांचं होईपर्यंत मी बाजूला थांबले. मग त्यांनाच विचारलं, फुलं ठेवली तर चालतील का? "क्यों नहीं बेटा," म्हणाल्या. दोन पांढरी फुलं ठेवली. धाकटीचं पुढं ठेवलंय. त्या बाईंनी विचारलं, दोनच का, आणि मी त्यांना पडद्यामागच्या माईकची गोष्ट सांगितली. त्या पूर्ण ऐकेपर्यंत तिथंच उभ्या होत्या, छत्री मिटून हातात धरून.