मोहीम चालवताना हेवी मेटल कोणते आणि किती लावावे?

बर्फातला_वाटाड्या

आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांवर चालणारा, गोष्ट रचत जाण्याचा खेळ खेळतो आणि यंदाची मोहीम, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी कथा, चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. कथा एका उद्ध्वस्त, बर्फाळ राज्यात घडत असल्यामुळे पार्श्वसंगीत म्हणून मला हेवी मेटलच हवे आहे. मागच्या खेपेस मी ब्लाइंड गार्डियन या बँडचा १९९८ चा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' लावला होता. अल्बम मला अतिशय प्रिय आहे. पण दोघे खेळाडू सोबत गाऊ लागले, आणि जी खेळाडू मुळातच हळू बोलते, तिने दारावरच्या खुणांविषयी दोनदा विचारलेला प्रश्न मला ऐकूच आला नाही. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही आणि दारामागच्या सापळ्यात सगळा गट अडकला. याचे मला फार वाईट वाटले. संगीत बंद न करता निवड कशी सुधारावी?

मंद्रसप्तक

हा अल्बम स्वतःच टोल्किन या लेखकाच्या काल्पनिक विश्वातली एक कथा सांगतो, त्यामुळे तुमच्या कथेशी त्याची स्पर्धा होणारच. शिवाय विकृत केलेल्या गिटारचा ध्वनी साधारण १००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा भरून टाकतो आणि बोलण्यातली व्यंजने स्पष्ट ऐकू येण्यासाठी आपल्याला नेमका तोच पट्टा मोकळा लागतो. त्यातच आवाजातले चढउतारही सपाट होत असल्याने हळू बोलणाऱ्याला शिरायला फट उरत नाही. इक्वलायझरमध्ये, म्हणजे ध्वनीचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीत, तेवढा भाग खाली आणून पाहा, फरक लगेच जाणवेल.

बर्फाळ प्रवासासाठी ऑस्ट्रियाच्या समनिंग या जोडीचे संगीत मी आग्रहाने सुचवीन. तेही टोल्किनच्या विश्वावरच आधारलेले आहे, पण लय संथ, रचना लांबलचक आणि गायन इतके खरखरीत की शब्द कळत नाहीत, म्हणून लक्ष वेधले जात नाही. अवशेषांतून फिरताना अर्थ या अमेरिकन बँडचा २००८ चा वाद्यसंगीताचा अल्बम, 'द बीज मेड हनी इन द लायन्स स्कल', फार शोभेल.

भालाईत

लढाईसाठी मात्र मला गायन हवेच असते. कव्हेंट्रीच्या बोल्ट थ्रोअर या बँडचा १९८९ चा 'रेल्म ऑफ केऑस' वॉरहॅमर या युद्धखेळाच्या विश्वातूनच आला आहे आणि त्यातली घरघर युद्धाच्या कोलाहलात मिसळून जाते. लढाईतला क्रम ठरवण्यासाठी फासे पडले की मी तो सुरू करतो आणि शेवटचा शत्रू कोसळताच मध्येच तोडतो. त्या क्षणी पसरणाऱ्या शांततेत स्टीलच्या ताटात पडलेल्या फाशाची खणखणसुद्धा अंगावर येते. तीन तास अखंड वाजवलेले संगीत हा परिणाम कधीच देणार नाही.

जुनी_मशाल

भुयारांसाठी मोर्टिसचे सुरुवातीचे काम ऐका. एम्परर या नॉर्वेजियन बँडमध्ये बास वाजवणाऱ्या या कलाकाराने १९९४ च्या पहिल्या अल्बममध्ये फक्त दोन दीर्घ, कीबोर्डप्रधान रचना दिल्या आहेत. ते मेटल नव्हे, पण त्याच घराण्यातले आहे आणि बोलण्याच्या आड येत नाही.

स्पीकर मात्र तुमच्या पाठीशी ठेवू नका, कारण मग तुमचे वर्णन आणि गिटार एकाच दिशेने खेळाडूंपर्यंत पोहोचतात.

बर्फातला_वाटाड्या

सर्वांचे मनापासून आभार. स्पीकर आजवर माझ्या मागेच होता; आता तो खिडकीपाशी नेतो. येत्या रविवारी प्रवासाला समनिंग, लढाईला बोल्ट थ्रोअर आणि दारे उघडताना काहीच नाही, असे ठरवले आहे. आवाज कमी करण्याचा रिमोट त्या हळू बोलणाऱ्या खेळाडूच्याच हाती देणार आहे.