सातवीच्या मुलांना उष्णतेचा प्रवास हातानं करून कसा दाखवावा?

खानापूर तालुक्यातली शिक्षिका

नमस्कार. नंदगडच्या पुढं, जंगलाच्या कडेला आमची मराठी शाळा आहे. सातवीला उष्णतेचा पाठ चालू आहे. उष्णता पदार्थातून पुढं सरकते ते वहन, तापलेलं पाणी किंवा हवाच ती घेऊन जाते ते अभिसरण, मध्ये काही नसतानाही पोचते ते प्रारण, या व्याख्या मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण लोखंडाचा बाक सकाळी गार का लागतो असं विचारलं, तर सगळा वर्ग म्हणाला, "लोखंड गारच असतंय की, टीचर!"

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात 110 अंशांपर्यंतचा एक थर्मामीटर, दोन चंचुपात्रं, स्पिरिटचा दिवा आणि चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट. चूल, शेगडी, निखारे मात्र घरोघरी आहेत. एवढ्यात काय करता येईल?

शहापूर, बेळगाव – निवृत्त विज्ञान शिक्षक

टीचर, मुलांचं ते उत्तर खोडू नका. तिथूनच सुरुवात करा.

लोखंडी बाक आणि लाकडी बाक रात्रभर एकाच खोलीत राहू द्या. सकाळी थर्मामीटरचा फुगा आधी एकावर, मग दुसऱ्यावर टेकवा. वर कापसाची घडी ठेवा, म्हणजे बाहेरच्या हवेचा परिणाम होणार नाही. पारा दोन्हीकडं सारखाच दिसेल. मुलं म्हणतील, थर्मामीटर बिघडलाय. म्हणू देत. लगेच समजावायला जाऊ नका.

मग दुकानातून बर्फ आणा. एक खडा जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, जाड ताटात ठेवा, तेवढाच दुसरा लाकडी पोळपाटावर. ठेवायच्या आधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या, कुठला आधी वितळेल. ही पायरी गाळू नका. अंदाज बांधलेला असला की पोर डोळे फाडून बघतं. बहुतेक जण लिहितील पोळपाटावरचा, कारण ताट 'गार'. आणि बघता बघता ताटात पाणी होतं, पोळपाटावरचा खडा तसाच बसलेला असतो.

आता विचारा, बर्फाला वितळायला काय लागतं? उष्णता. ती कुणी दिली? ताटानं. म्हणजे 'गार' ताटानं बर्फाला भराभर ऊब दिली. अॅल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त सहज उष्णता वाहून नेतं, म्हणून ताटभरातली उष्णता बर्फाकडं धावते. सकाळी बाकावर हात ठेवल्यावर हेच उलट्या दिशेनं होतं. आपला हात बाकापेक्षा ऊबदार असतो, लोखंड हातातली उष्णता झपाट्यानं ओढून घेतं, आणि ती किती वेगानं चालली आहे हेच कातडीला कळतं. दुपारी उन्हातला तोच बाक चटका देतो. तेव्हा उष्णता हाताकडं येत असते.

त्याच बर्फाचा एक खडा वाटीत घालून घोंगड्यात गुंडाळा, दुसरा वाटीतच उघडा ठेवा. घोंगडं गरम असतं म्हणून आतला लवकर वितळेल, असं मुलं छातीठोकपणे सांगतील. उघडून बघताना वर्गातला गलबला ऐकण्यासारखा असतो. घोंगडं ऊब तयार करत नाही. लोकरीत अडकलेली हवा उष्णता इकडून तिकडं जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम.

वहनासाठी तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या सारख्याच जाडीच्या, सारख्याच लांबीच्या तारा घ्या. ठरावीक अंतरावर मेणाच्या थेंबानं साबुदाणे चिकटवा आणि तिन्हींची टोकं एकत्र दिव्यावर धरा. आधी तांब्यावरचे पडतात, मग अॅल्युमिनियमवरचे, लोखंडावरचे रेंगाळतात. घरातले चमचे घेऊन हा प्रयोग करू नका. जाडी वेगळी असली की निकाल फसवा येतो, आणि मुलांच्या मनात तो फसवा निकालच पक्का बसतो.

अभिसरणासाठी चंचुपात्रातलं पाणी पूर्ण शांत झाल्यावर परमँगनेटचा एक कण नळीतून कडेला तळाशी सोडा आणि नेमकं त्याच्याखाली दिवा धरा. जांभळी रेघ वर चढते, वरून पसरते, दुसऱ्या कडेनं खाली येते. इथं काही बोलू नका, मुलांना ती रेघ वहीत काढू द्या. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब आहे, त्यांना जाळ नुकता लागला असताना पाण्याची वरची आणि खालची बाजू कशी लागते ते बघून यायला सांगा. सोबत मोठं माणूस हवंच.

उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा

सरांनी प्रारण सोडलं, ते मी सांगतो. आमच्याकडं लोखंडाचा रस ओततात तेव्हा तो 1,350 ते 1,400 अंशांचा असतो. पाच-सहा फूट लांब उभं राहिलं तरी तोंड भाजल्यासारखं होतं. मध्ये पत्रा धरला की त्याच क्षणी थांबतं. मधली हवा तापून तोंडाला लागत असती, तर असं पटकन थांबलं नसतं.

शाळेत निखाऱ्यांची शेगडी घ्या. हात वर न धरता बाजूला धरायला सांगा, कारण वर गरम हवेचा झोत असतो आणि दोन गोष्टींची गल्लत होते. मध्ये पुठ्ठा घाला, काढा, पुन्हा घाला. दोन सारखे डबे, एकाला तेलाच्या दिव्याची काजळी, एक चकचकीत, दोन्हींत सारखं पाणी भरून उन्हात ठेवा. काजळीचा आधी तापेल. मुलांना फौंड्रीत मात्र आणू नका, ती त्यांची जागा नाही.

खानापूर तालुक्यातली शिक्षिका

तुम्हा दोघांचे मनापासून आभार! बर्फाचा प्रयोग केला. मागच्या बाकावरची एक मुलगी कधीच बोलत नाही, तिनं विचारलं, "मग बर्फातला गार कुठं गेला?" मी उत्तर दिलं नाही, सगळ्यांना विचार करायला सांगितलंय.

एक अडचण आली. पाणी खळखळा उकळत होतं, पण पारा 97 आणि 98 च्या मध्ये थांबला. पुस्तकात 100 लिहिलंय. थर्मामीटर बदलायचा का?

शहापूर, बेळगाव – निवृत्त विज्ञान शिक्षक

मुळीच बदलू नका. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे. डोक्यावरची हवा तेवढी कमी, तिचा दाब कमी, म्हणून पाणी 100 च्या आधीच उकळतं. हजार फुटांना जवळपास एक अंश, असा ढोबळ हिशोब मुलांना करायला लावा, उत्तर तुमच्या आकड्याशी जुळेल. वहीत 97.5 च लिहू द्या, 100 लिहायला लावू नका. कुकरमध्ये उलटं होतं. आतला दाब वाढतो आणि पाणी 120 च्या आसपास जातं. गोव्याला सहल गेली तर चोर्ला घाट उतरून किनाऱ्यावर हाच थर्मामीटर पुन्हा उकळत्या पाण्यात धरा.

त्या मुलीला सांगा, तिनं फार चांगला प्रश्न विचारलाय. बर्फातून काही बाहेर गेलं नाही, ताटातून बर्फात उष्णता आली. ताटाला हात लावून बघायला सांगा, ते आधीपेक्षा गार झालेलं असेल.

निपाणीकडचा शेतकरी

टीचर, हंगामात पोरांना गुऱ्हाळावर घेऊन या. चुलवणात चिपाडं कशी जळतात, काहिलीत रस कडेनं कसा उसळतो, सगळं दाखवतो. पाणी आटत जाईल तसा पाक तापत जातो, गूळ उतरवायच्या वेळी 115 च्या वर असतो. तुमचा थर्मामीटर 110 चा, तो काहिलीत घालू नका, फुटेल. आमचा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटानं गोळी बघतो, ते पोरांना करून दाखवायला सांगतो.