सी-१ अहवालासाठी कमिटीचा दबाव: अडकतं कोण?

प्रश्न: गोरेगावची ३५ वर्षांची इमारत. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (मजबुतीच्या तपासणीत) सी-२बी आलंय, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. पुनर्विकासासाठी सोसायटीची कमिटी इंजिनिअरकडे सी-१ (अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत) मागतेय, फी बिल्डर भरणार. जबाबदारी कुणाची?

उत्तर १: आधी सही करणाऱ्याची. सी-१वर पालिका कलम ३५४ची (इमारत रिकामी करून पाडण्याची) नोटीस काढते, माणसांना राहतं घर सोडावं लागतं. खोटा दाखला देणं फौजदारी गुन्हा आहे. ‘कमिटीने सांगितलं’ हा बचाव होत नाही. फी सोसायटीच्याच खात्यातून जाऊ द्या.

उत्तर २: श्रेणी चाचण्यांतून यायला हवी. हाफ-सेलचं (सळईचा गंज विद्युतदाबावरून ओळखणाऱ्या चाचणीचं) वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं, तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मीपणा जाणं) तपासायला ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं द्रावण मारतात. चांगला भाग गुलाबी होतो. रंग न धरणारा थर सळईपर्यंत पोचला असेल, तर तिचं संरक्षण संपलं. लबाडी होते ती जागा निवडताना. फक्त संडासाच्या गळतीखालचे बीम तपासले की अख्खी इमारत सडलेली दिसते! प्रत्येक चाचणीचा मजला, कॉलम नंबर आणि फोटो मागाच.

उत्तर ३: दोन अहवाल जुळले नाहीत तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. आणि मुळात पुनर्विकासाला सी-१ लागतच नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी. तीच गोळा करा.