आईचा नायटा जाईचना, काय करू?

आईला कुशिंगचा आजार निघालाय, म्हणजे अंगातलं कॉर्टिसॉल (शरीरात बनणारं स्टेरॉइड हार्मोन) खूप वाढलेलं, ऑपरेशनची तारीख मिळायचीय अजून. त्यात जांघेत नायटा झालाय, गोल लाल कडा, रात्रभर खाजवत बसते बिचारी. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटलं आणि आता थेट पोटापर्यंत पसरलंय.

रानमांजर: ट्यूबवर क्लोबेटासॉल लिहिलंय का बघ आधी. ते स्टेरॉइड, खाज दबते पण बुरशी फोफावते, आणि आईच्या अंगात आधीच तसलंच जास्त झालंय ना!

चहाबाज: +१. स्किनवाल्याला दाखवा, कुशिंगचं सांगा, चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, इट्राकोनाझोल (बुरशीवरचं पोटात घ्यायचं औषध) सगळ्या औषधांबरोबर चालत नाही. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात.

प्रश्नकर्ती: क्लोबेटासॉलच निघालं ओ 😑 उद्याची अपॉइंटमेंट घेतली.